डोक्यावर घेतलेलं पोतं

प्रिय निकिता,

मागच्या रविवारी वसतिगृहाच्या फोनपुढच्या रांगेत उभी राहून तू तीनदा नंबर लावलास आणि तिन्ही वेळा माझा फोन बंद लागला, हे मला तुमच्या रेक्टर मॅडमनी सांगितलं. म्हणजे आता गाल फुगवून बसली असशील. फुगव. आधी पत्र वाच, मग काय भांडायचं ते भांड. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. तुझ्या मागे चार पोरी कान टवकारून उभ्या असतात आणि माझ्या मागे तुझी आजी. तुझं वाचून झालं की पत्र मॅडमनाही वाचायला दे. त्यांना सगळं नीट कळावं म्हणून तुला ठाऊक असलेल्या चार गोष्टीही मी यात पुन्हा लिहिणार आहे. कंटाळू नकोस.

पप्पांची पाठ आता बरी होणार नाही. तुला आम्ही 'होईल हळूहळू' म्हणत आलो, ते खोटं होतं. फेब्रुवारीत भरलेल्या ट्रॉलीवर चढून उसाला दोर आवळताना दोर तुटला आणि ते पाठीवर पडले, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की यापुढे बसतील, चालतील, पण ओझं उचलायचं नाव काढायचं नाही. आता ते दिवसभर ओट्यावर बसून शेळ्या राखतात आणि मी पाण्याची घागर उचलली की तोंड फिरवतात. मॅडमसाठी लिहिते, की आमच्याकडे ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठलाच मुकादम टोळीत घेत नाही, कारण बांधलेली मोळी डोक्यावर चढवून द्यायला समोर दुसरं माणूस लागतं. आणि पाथर्डीच्या आमच्या या बाजूला दिवाळीनंतर दुसरं काम म्हणून मिळत नाही. रान आहे, पण त्यात पाऊस सरला की कुसळंच उगवतात.

आषाढात गहिनीनाथ मुकादम घरी आला. चहा प्यायला, पप्पांच्या पाठीची विचारपूस केली, आणि जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाला, "पोरगी पंधराची झाली न्हवं? तिला घ्या संगं, पुरा कोयता हुतोय." एवढंच बोलला. पण त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. आजी म्हणते, एका हंगामानं काय होतंय. हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि मार्च सरेपर्यंत चालतो, आणि तुझी दहावीची परीक्षा मार्चात. तू पहिलीत असताना आमच्याबरोबर उसाच्या फडावर होतीस, पाल्याच्या झोपडीत, कोपीत बसून दुसऱ्यांची तान्ही पोरं सांभाळायचीस. तेव्हा एकदा मला विचारलं होतंस, की आपण इथं आहोत हे शाळेला माहीत आहे का. त्या वर्षीच मी तुला वसतिगृहात घालायचं मनात धरलं. आता दहावीच्या तोंडावर तुला परत त्या कोपीत नेणं माझ्यानं होणार नाही. म्हणून मी ठरवलं की दसऱ्याच्या आत मला दुसरं काम मिळालंच पाहिजे, नाहीतर माझा अर्धा कोयता पुरा करायला तुला आणावं लागेल.

पप्पा पडल्यावर हंगामाचे उरलेले पाच आठवडे मी एकटीनंच काढले होते. टोळी मध्येच सोडून देता येत नव्हती, म्हणून मुकादमानं चालवून घेतलं. मोळी चढवून द्यायला कुणी नाही, तर मीच युक्ती काढली. आधी मांडीवर घ्यायची, मांडीवरून झटक्यानं खांद्यावर, आणि खांद्यावरून मान वाकवून डोक्यावर. कुणाच्या हाताची गरज नाही. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला, आणि तो फिरत फिरत नगरला राधाकृष्ण सरांपर्यंत गेला. सर मूळचे आपल्याच तालुक्यातले. आधी कुस्ती खेळायचे, आता नगरला एका भागीदाराबरोबर जिम चालवतात. श्रावणात ते मोटारसायकलवरून घर शोधत आले. भाद्रपदात त्यांनी बायकांची स्ट्राँगमन स्पर्धा ठेवली होती, त्यांची पहिलीच. बायकांची स्पर्धा आणि नाव स्ट्राँगमन असं कसं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, नाव बाहेरून आलंय, वजनं इथलीच आहेत. पहिल्या दोघींना प्रमाणपत्र देणार होते आणि जिममध्ये बायकांना शिकवायला कामावर ठेवणार होते, मागच्या बाजूला राहायला खोलीसुद्धा होती. तिसरीला काही नाही. माझ्यासारख्या आठवी शिकलेल्या बाईला ठेवायचं तर भागीदाराला नंबराचा कागद दाखवावा लागणार होता. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पप्पांकडे बघितलंसुद्धा नाही.

तुला मुद्दामच कळवलं नाही. तू लगेच मनातल्या मनात नगरच्या खोलीला पडदे लावून मोकळी झाली असतीस.

दीड महिना मी काय काय केलं ते ऐकून हसशील. हस, गाव हसलंच आहे. सर फोनवर व्हिडिओ पाठवायचे आणि मी तसं करायचे. शेजारच्या हनुमंतभाऊंच्या गॅरेजमागे ट्रॅक्टरचा फाटका टायर पडला होता. उजाडलं की तो उलटवत उलटवत बांधापर्यंत न्यायचा आणि तसाच परत आणायचा. पेंडीच्या पोत्यात वाळू भरून ते छातीशी कवटाळून चालायचं. दोन हातांत पाण्यानं भरलेले दोन कॅन धरून नुसतं उभं राहायचं. आजीला वाटलं माझ्या अंगात आलं. तिनं मोहट्याच्या देवीला नारळ बोलून ठेवला. सरांनी रोज चार अंडी खायला सांगितली होती, आणि आजी माळकरी. घरात टरफल दिसलं असतं तर तिनं मला टायरसकट बाहेर काढलं असतं. म्हणून मी हनुमंतभाऊंच्या घरी अंडी उकडायचे आणि त्यांच्याच मोरीपाशी उभ्या उभ्या खायचे, चोरून चिंचा खाणाऱ्या पोरीसारखी. पप्पांना सगळं ठाऊक होतं. ते काठी टेकत टायरमागून यायचे आणि किती वेळा उलटला ते मोजायचे. मी दसऱ्याला किती दिवस उरले तेवढेच मोजत होते.

एकच गोष्ट जमत नव्हती, ती पोत्याची. पोतं छातीशीच धरायचं, हनुवटीच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. छातीवर ओझं आलं की श्वास कोंडतो. सतरा-अठरा वर्षं डोक्यावर ओझं वाहिलेल्या बाईला ते छातीशी धर म्हणणं म्हणजे डाव्या हातानं जेव म्हणण्यासारखं आहे. पण तेही जमवलं. स्पर्धेच्या दहा दिवस आधी मी पोतं न टेकवता बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पप्पा त्या दिवशी हसले. पडल्यापासून पहिल्यांदा.

रविवारी पहिल्या जीपनं पाथर्डी गाठली आणि तिथून एसटीनं नगर. फोन मी मुद्दाम बंद करून ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर तिथेच रडत बसले असते. आम्ही सहा जणी होतो. तुझ्या श्रीरामपूरचीच दिशा म्हणून एक पोलीस भरतीची तयारी करणारी, दोघी कुस्तीतल्या, दोघी जिममध्ये जाणाऱ्या. त्यांचे कपडे अंगाबरोबर, चकचकीत. माझ्या अंगात पप्पांची नाईट पँट आणि वरून त्यांचाच फुलशर्ट, फडात उसाच्या पाचटानं अंग कापू नये म्हणून आपण बायका साडीवर घालतो तोच. माईकवर माझं नाव पुकारताना दर वेळी 'ऊसतोड कामगार' असं लावत होते. बाकी कुणाच्या नावाला तिचं काम लावत नव्हते. मला राग आला, आणि म्हटलं बरं झालं, राग कामाला येईल.

पहिला खेळ टायरचा होता. आठ वेळा उलटवायचा, घड्याळ लावून. दिशा पहिली आली, मी दुसरी. तुला नावं ठेवली खरी, पण त्या क्षणी खोलीला पडदे मीच लावले. खिडकीपाशी तुझं टेबलही मांडलं.

दुसरा खेळ पोत्याचा. पन्नास किलो वाळू. पंधरा पावलांवर खूण, तिथून वळायचं, परत यायचं, पोतं टेकेपर्यंत जेवढं चालाल तेवढं तुमचं. पहिल्या दोन फेऱ्या छातीशी धरून मी नीट गेले. तिसऱ्या वळणावर श्वास संपला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मग माझ्या अंगानं मला न विचारता त्याला येतं ते केलं. मांडी, खांदा, डोकं. पोतं डोक्यावर गेलं आणि छाती मोकळी झाली, मान ताठ झाली, पाय आपोआप पडायला लागले. निकी, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी चालतच सुटले. चौथी फेरी, पाचवी, सहावी. माणसं उठून उभी राहिली, टाळ्या, शिट्ट्या. त्यातली एक शिट्टी पंचांची होती. ते माझ्या मागे पळत शिट्टी फुंकत होते आणि मला वाटलं, बघा, पंचसुद्धा खूश झाले. मी आणखी दोन फेऱ्या मारल्या. शेवटी राधाकृष्ण सर आडवे येऊन उभे राहिले. त्यांचं तोंड बघितलं आणि मला कळलं मी काय करून बसले ते. पोतं हनुवटीच्या वर गेलं की त्या खेळात शून्य. सगळ्यांत जास्त चालले मी, आणि मलाच शून्य मिळालं.

तरी आशा संपली नव्हती. तिसऱ्या खेळात दोन्ही हातांत लोखंडी मुठी धरायच्या, त्यांना खाली वजनं लावलेली, आणि नुसतं उभं राहायचं. जी शेवटपर्यंत धरेल ती पहिली. सर कानाशी येऊन म्हणाले, यात पहिला नंबर काढलात तर अजून दुसऱ्या येताय. एकेक जण सोडत गेली. शेवटी दिशा आणि मी उरलो. मी तुझं नाव घेत होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. एका मिनिटानं बोटं जळायला लागली. मी स्वतःला बजावत होते की हात तुटला तरी सोडायचं नाही. आणि मनानं सोडलं नाही, शपथेवर सांगते. पण दीड मिनिटाला बोटं उघडली. मी नाही उघडली. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ती एकेक करून उघडत गेली. वजनं खाली पडली तेव्हासुद्धा मी मनातल्या मनात धरूनच उभी होते. दिशानं माझ्यानंतर चार सेकंदांनी सोडलं. मग ती आली आणि तिच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं. तिचा राग करायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

मी तिसरी आले. सरांनी भागीदाराला बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. मी लांबून बघत होते, भागीदाराची मान आडवीच हलत होती. सर येऊन म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की या, पोत्यावर मेहनत घेऊ. त्यांचा दोष नाही. त्यांना पुढचं वर्ष दिसतं, मला मार्च दिसतो. नगरच्या स्टँडपासून पाथर्डीपर्यंत मी एसटीत रडत आले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी वारलं का घरात? मी हो म्हणाले.

घरी आल्यावर पप्पांनी माझे हात उलटे-सुलटे करून बघितले. आजीनं खोबरेल तेल कोमट केलं आणि माझी बोटं चोळत बसली. इतक्या वर्षांत तिनं माझ्या अंगाला असा हात लावला नव्हता. चोळता चोळताच म्हणाली, "आता तरी पोरीला आन गं. एकटी मरशील तिकडं." ती वाईट नाही, निकी. तिला मी मरायला नको आहे. दोघींपैकी एकीला वाचवायचं तर ती मला वाचवते आहे, कारण मी तिच्या डोळ्यांपुढे आहे आणि तू लांब श्रीरामपूरला.

बुधवारी गहिनीनाथ पुन्हा आला. नगरची बातमी त्याच्यापर्यंत गेली होती. पन्नास किलो डोक्यावर घेऊन बाई आठ फेऱ्या चालली, हे ऐकून तो मला एकटीला न्यायला तयार झालाय. पंचांनी ज्या चालण्याला शून्य दिलं, त्याच चालण्यावर. अट एवढीच, की मी मागे पडून ट्रॉली अडवायची नाही. अडली तर दुसरं माणूस आणायचं. दुसरं माणूस म्हणजे कोण, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी टोळी निघते. तोडायचं, बांधायचं, चढवायचं, वाहायचं, सगळं एकटीनं, पाच-साडेपाच महिने. गेल्या हंगामात मी पाच आठवडे काढले होते, आणि शेवटच्या आठवड्यात लघवीतून रक्त जात होतं. हे मी पप्पांनाही सांगितलेलं नाही. मला भीती वाटते आहे, निकी. फार भीती वाटते आहे.

आता एक जुनं सांगते. माझं गणित कच्चं होतं म्हणून शाळा सुटली, असं मी तुला आजवर सांगत आले. माझं गणित चांगलं होतं. मी नववीत गेले त्या वर्षी माझे वडील वारले आणि माझ्या आईचा कोयता अर्धा राहिला. आक्काबाई तिचं नाव, तू तिला बघितलेलं नाहीस. ती शाळेच्या दारात आली. दंडाला धरून ओढलं असतं तर मी खांबाला मिठी मारून बसले असते, माझा हट्ट तुला माहीत आहे. पण ती रडली. म्हणाली, "येवढ्या हंगामापुरतं चल माय, पुढल्या साली घालते तुला परत." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. माझ्याच्यानं तिचं रडणं बघवेना. मी दप्तर बाकावर तसंच ठेवून निघाले, गुरुजींनासुद्धा सांगितलं नाही. त्याला अठरा हंगाम झाले. इतकी वर्षं मला वाटायचं की मी आईच्या जागी असते तर शाळेच्या दारात गेलेच नसते. रविवारपासून मला तसं वाटत नाही.

म्हणून हे पत्र. मी एकटी जाईन आणि धरवेल तितकं धरेन. पण मला आता माझे हात कळले आहेत. पौषात, पाचट दवानं भिजून जड होतं तेव्हा, एक दिवस मी मागे पडेन, आणि मग तुझ्या वसतिगृहाच्या दारात येईन. चांगली साडी नेसून येईन. एवढाच हंगाम म्हणेन, परीक्षा पुढच्या वर्षी दे म्हणेन. पप्पांचं काहीतरी सांगेन. रडेन, आणि ते रडणं खरं असेल. तू माझ्यावर गेली आहेस, मऊ आहेस, तू दप्तर ठेवून निघायला बघशील. निघू नकोस. मॅडम, तुम्हाला हात जोडून विनंती आहे, हे पत्र तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा, आणि मी आले तर पोरीला हाक मारायच्या आधी ते माझ्या हातात द्या. मी आईचा हक्क सांगेन, आरडाओरडा करेन, ऐकू नका. अक्षर माझं आहे, मला ओळखता येईल. सगळं पत्र मी पप्पांना वाचून दाखवलं, रक्ताचं तेवढं सोडून. ते म्हणाले, "माझी बी सही घे. तू न्हाई गेलीस तर मी जाईन तिला आनायला." म्हणून खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. निकी, शेवटचा पेपर झाल्यावर मी आले तर पळत ये. त्याआधी दारात आलेली बाई कितीही माझ्यासारखी दिसली, तरी आत जा आणि अभ्यासाला बस.

तुझीच,
आई

सही: रेश्मा सहादेव पालवे
सही: सहादेव पालवे